सहावं कार्ड

मला गर्दीचा राग येतो. आजही येतो. बँकेत, दवाखान्यात, लग्नाच्या पंगतीत, कुठंही माझ्या पाठीला कोणी चिकटून उभं राहिलं की माझं डोकं फिरतं आणि वळून दोन शब्द ऐकवल्याशिवाय मला चैन पडत नाही. घरचे म्हणतात, वय झालं तरी हिचा स्वभाव काही जात नाही. जाणार कसा? मी ज्या क्वार्टरमध्ये वाढले तिथं खोल्या दोन होत्या आणि माणसं अकरा.

क्वार्टर भिलाईला, मरोद्यात, प्लांटचं म्हणजे पोलाद कारखान्याचं. वडील टाइम ऑफिसात क्लार्क. आर्वीकडचं खेडं सोडून ते इकडं आले तेव्हा प्लांटला माणसं कमी पडत होती. मॅट्रिक झालेला कोणी दिसला की बसवून घेत, असं ते सांगायचे. ही गोष्ट त्यांनी गावी जाऊन इतक्यांदा आणि इतक्या तोऱ्यात सांगितली की पुढची वीस वर्षं ती आमच्या मुळावर आली.

आम्ही भावंडं चार, मी सगळ्यांत मोठी. चौथ्यानंतर वडिलांनी ऑपरेशन करून घेतलं. ऑफिसात त्याबद्दल कौतुक झालं, गावात चेष्टा. आजोबांना सात मुलं, त्या सातांची मिळून तीसेक, आणि शेत होतं तेवढंच, आजोबांनी वाहिलेलं. दर पिढीला बांध वाढत गेले आणि बांधांमधली जमीन कमी होत गेली. मग उरलेल्यांनी जायचं कुठं? आमच्याकडं. सरकारनं भिंतीभिंतीवर कुटुंबनियोजनाचे लाल त्रिकोण रंगवले, वडिलांनी आपल्यापुरतं ते मनावरही घेतलं, पण आमच्या घरची लोकसंख्या आईच्या पोटातून वाढत नव्हती. ती शेजारच्या दुर्ग स्टेशनवरून वाढत होती.

जूनमध्ये निकाल लागला की दारात एक ट्रंक आणि तिच्यामागं एक चुलतभाऊ उभा. "काका, मले प्लांटात चिकटवून द्या." वडील म्हणायचे, "ये, बस. पयले जेव." झालं. तो बसायचा तो वर्ष-दोन वर्षं बसायचा. हे आमच्याकडंच होतं असं नाही. शेजारच्या तेलुगू घरी त्यांच्या गावची पोरं, पलीकडं बिहारी घरी त्यांच्या गावची, समोर बंगाल्यांकडं मेहुणे. प्रत्येक क्वार्टरमागं एकेक गाव उभं होतं आणि ते हळूहळू आत सरकत होतं. शाळा दोन पाळ्यांत भरायला लागली, बाकावर दोघींच्या जागी चौघी. दवाखान्यात सकाळी नंबर लावला तर दुपारी आत बोलावणं यायचं. नळाला पाणी यायचं तेव्हा आमच्या घरात युद्ध व्हायचं. आई पोळ्या लाटायला बसली की उठायचीच नाही, आणि कोणी नवीन आलं की न बोलता कणकेत आणखी पाणी ओतायची. मला तिचा राग यायचा. कधी तरी नाही म्हण न! पण तिनं कधी म्हटलं नाही.

मी काय मागत होते? समोरच्या खोलीतला खिडकीजवळचा एक कोपरा. तिथं एक स्टूल, भिंतीतली फळी आणि फळीवर माझी पुस्तकं. मला नोकरी करायची होती. लग्नाआधी, स्वतःची, आणि त्या नोकरीवर एक खोली जिच्यात मी सोडून कोणी नसेल. हसू नका. सतराव्या वर्षी मला नवरा, दागिने, सिनेमा काही नको होतं, मला एक रिकामी खोली पाहिजे होती.

त्या कोपऱ्यात दादाची खाट आली.

दादा म्हणजे मोठ्या बाबांचा मुलगा. मोठे बाबा हे वडिलांचे सगळ्यांत थोरले भाऊ. त्यांनी शाळा सोडून बैल हाकले म्हणून वडील आर्वीला शिकू शकले. "तो बैलामागं गेला म्हणून मी कागदामागं आलो," असं वडील दर दोन महिन्यांनी म्हणायचे आणि म्हणताना डोळे पुसायचे. त्यामुळं दादाला घरात वेगळा मान. बाकीचे भाऊ जमिनीवर झोपायचे, दादाला खाट. माझ्या कोपऱ्यात.

माणूस वाईट नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं, त्यानंच तर जास्त चिडचिड व्हायची. रॉकेलच्या लाइनीत तो उभा राहायचा. माझ्या सायकलची चेन पडली की हात काळे करून बसवायचा. मला "बाई" म्हणायचा. पण तो जेवायला बसला की तासभर उठायचा नाही, गुणगुणत केस विंचरायचा, आणि मी वाचत असले की मागून येऊन म्हणायचा, "बाई, का वाचून राहिली?" एवढं विचारायचा आणि उत्तर ऐकायला थांबायचाही नाही. दिवसातून चार वेळा. मला वाटायचं, हा घरातून गेला पाहिजे. कुठंही जाऊ दे, पण जाऊ दे.

आता कार्डांचं सांगते, कारण सगळं त्याच्यावरच आहे. प्लांटमध्ये मजुराची भरती निघाली की नावं दुर्गच्या एम्प्लॉयमेंट ऑफिसातून मागवायचे. ज्याचं नाव आधी नोंदलेलं, त्याला बोलावणं आधी. म्हणून गावाकडून पोरगा आला की वडील पहिल्यांदा त्याला दुर्गला नेऊन नाव नोंदवायचे, पत्ता आमच्या क्वार्टरचा. नोंदणीचं एक कार्ड मिळायचं आणि दर तीन वर्षांनी त्याच्यावर शिक्का मारून आणावा लागायचा. शिक्का चुकला की नाव कटलं. पुन्हा नोंदवा, म्हणजे रांगेच्या शेपटाला जाऊन उभे राहा, आणि शेपूट तर रोज लांबत होतं. पोरं कधी गावी असायची कधी इथं, त्यांच्या भरवशावर वडील काही सोडायचे नाहीत. सगळ्यांची कार्डं ते स्वतःच्या फायलीत ठेवायचे आणि स्वतः जाऊन शिक्के मारून आणायचे. गावाची शेती भावानं सांभाळली, गावाची कार्डं त्यांनी.

मी अकरावी झाले त्या वर्षी गावाकडून एकदम पाच जण आले, दादा धरून. वडील पाचांना दुर्गला नेणार होते. मी म्हटलं, माझंही नाव टाका. वडील म्हणाले, "तुले कावून पाहिजे? पोरीच्या जातीले प्लांटात का ठेवलं हाय?" मी जेवण सोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहावी म्हणून मीही टेम्पोत बसले. मी टायपिंग शिकत होते, तर माझं नाव बाबूगिरीच्या यादीत गेलं, त्या पाचांचं मजुरीच्या. एकाच दिवशी, एकाच खिडकीवर सहा कार्डं.

तीन वर्षांनी शिक्क्याची वेळ आली तेव्हा वडिलांना कावीळ झाली होती. महिनाभर दवाखान्यात, मग घरी खाटेवर. मुदत टळून गेली. मुदतीवर थोड्या दिवसांची सवलत असते, ती संपायचा शेवटचा दिवस उजाडला आणि त्यांना एकदम आठवलं. पाचांपैकी तेव्हा इथं कोणीच नव्हतं. मोठी आई, म्हणजे दादाची आई, आजारी म्हणून तो गावी गेलेला, बाकीचे पेरणीला. वडील उठून बसले तर त्यांना घेरी आली. मग मला बोलावलं. फाइल उघडून कार्डं नीट लावून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "पयले या पाचायचे लाव. मंग तुहं."

बसतं न ते मनात? मला बसलं. टेम्पोत दुर्गपर्यंत मी तेच घोळवत होते. मी त्यांच्यासाठी दिवस घालवायचा, लाइनीत उभं राहायचं, आणि माझंच मंग.

लाइन खिडकीपासून निघून, झाडाला वळसा घालून, फाटकाबाहेर सडकेवर गेली होती. शेवटचा दिवस म्हणून सगळा जिल्हाच लोटला होता. पोरं, त्यांचे बाप, काखेत फायली धरलेले काके-मामे. बायका मोजून तीन-चार. मी सकाळपासून उभी राहिले ते दुपारी खिडकीशी पोचले. आत एक वयस्क बाबू, घामेघूम. त्यानं माझ्या हातातला गठ्ठा पाहिला आणि म्हणाला, "बहनजी, आज एक आदमी के पाँच ही कार्ड। पीछे देखिए कितने लोग खड़े हैं।" मी म्हटलं, एकच तर जास्त आहे. तो म्हणाला, "सबका एक ही ज़्यादा है। फिर से लाइन में आ जाइए।" त्याचं काही चुकलं नव्हतं. मीही त्याच्या जागी तेच केलं असतं.

मागून ढकलाढकली चालली होती. मला दोन क्षण मिळाले असतील, नसतील. मी दादाचं कार्ड काढून घेतलं आणि बाकीची पाच आत सरकवली. माझं त्यात होतं.

मग मी परत लाइनीत लागले का? लागले. खोटं बोलत नाही. फाटकाबाहेर जाऊन, दादाचं कार्ड हातात धरून, शेवटी उभी राहिले. एक दहा मिनिटं. माझ्या मागं एक माणूस येऊन उभा राहिला, त्याच्या मागं आणखी दोन, आणि तिघंही पुढं रेटत होते, त्यांचा श्वास माझ्या मानेवर येत होता. मला आतून एकदम असं झालं की बस, आता नाही. मी लाइनीतून बाहेर पडले आणि टेम्पो धरला. खिडकी बंद व्हायला अजून तास-दीड तास होता.

घरी आले. वडिलांनी पडल्यापडल्या विचारलं, "झालं?" मी म्हटलं, "झालं." फाइल जागेवर ठेवून दिली.

पुढच्या वर्षी मजुरांची भरती निघाली. आमच्या पत्त्यावर चार बोलावणी आली. पोस्टमन हसत म्हणाला, आज तो मिठाई खिलाओ. दादा तोवर गावाहून परत आला होता. पाचवं उद्या येईल, परवा येईल, म्हणून तो रोज फाटकाशी जाऊन उभा राहायचा. आठ दिवस झाले, पंधरा झाले. मला जेवण जाईना.  खरं सांगायचं तर मी वाट पाहत होते की काही तरी चमत्कार होईल, ऑफिसातच काही गफलत झाली असेल आणि बोलावणं येईल. शेवटी वडिलांनी फाइल काढली.

मी दारातच उभी होते. त्यांनी एकेक कार्ड उलटून पाहिलं. दादाच्या कार्डावर ते थांबले. मग माझं कार्ड घेतलं, त्याच्यावरचा शिक्का पाहिला, आणि परत ठेवलं. माझ्याकडं बघितलं नाही. दादाला म्हणाले, "माह्याच हातून राहून गेलं रे. काविळीत शुद्ध नव्हती मले."

मी तिथंच बोलायला पाहिजे होतं. मी आत जाऊन कपडे घडी करायला लागले.

मोठे बाबा चार दिवसांनी आले. व्हरांड्यातल्या बाकावर बसले. आईनं पाणी आणलं, त्यांनी गडव्याला हात लावला नाही. त्यांचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. "सगळ्यायचं झालं," ते म्हणाले, "आन् माह्याच पोराचं राह्यलं?" वडील मान खाली घालून म्हणाले, "चुकलं माहं, भाऊ." मोठे बाबा उठले आणि त्याच दिवशी परत गेले. माझ्या लग्नाला ते आले नाहीत. भावांच्या लग्नालाही नाही. वडील दर दिवाळीला पत्र लिहायचे, उत्तर यायचं नाही.

त्या चौघांपैकी दोघं लागले. त्यांना क्वार्टरं मिळाली आणि वर्षभरात त्यांच्याही दारात ट्रंका घेऊन पोरं येऊन उभी राहिली. मला बोलावणं कधी आलं नाही. बाबूंची भरती म्हणून जी होती ती निघालीच नाही, आणि पुढं मजुरांचीही आटली. लोक येतच होते. मी पुढं आणखी दोनदा शिक्का मारून आणला, मग कंटाळून सोडून दिलं. म्हणजे ज्या कार्डासाठी मी ते केलं, ते कार्ड काही कामाचं नव्हतं. आणि दादाचं होतं.

दादा प्लांटमध्ये गेला, पण ठेकेदाराकडून. फाटक तेच, आत भट्टीची धग तीच, पास वेगळा. ठेका संपला की घरी, नवा लागला की परत. क्वार्टर नाही, दवाखाना नाही. जुनवानीकडं त्यानं एक खोली भाड्यानं घेतली, लग्न केलं, दोन मुली झाल्या. मी दुर्गच्या घरी सून म्हणून गेले आणि नेहरू नगरात एका खाजगी शाळेत शिकवायला लागले. माझ्या वर्गात साठ मुलं होती. दादा आमच्याकडं दर दिवाळीला यायचा, माझ्या मुलांना फटाके आणायचा. तसं तो वडिलांकडंही जायचा. बापानं सोडलेलं नातं त्यानं सोडलं नाही. तो आला की मला घरात उभं राहवायचं नाही. मी उगाच स्वयंपाकघरात जायची, गॅस पुसायची, परत यायची. नवरा विचारायचा, तुला बसता येत नाही का एका जागी?

मोठे बाबा गेल्याची तार आली तेव्हा वडील रिटायर होऊन भाड्याच्या घरात राहत होते. ते गावी गेले, तेरवी करून आले. मी भेटायला गेले तर अंगणात खुर्ची टाकून बसलेले. भावाशी न बोलता भाऊ गेला. मला ते पाहवेना आणि मी एका दमात बोलून टाकलं. खिडकी, पाच कार्डं, दहा मिनिटं, सगळं.

"माहीत हाय मले," ते म्हणाले. "शिक्का कोनाच्या कार्डावर होता ते दिसलं नसन का?"

"मग मोठ्या बाबांना सांगितलं कावून नाही?"

 ते म्हणाले, "पोरगी माही होती आन् तुहं कार्ड मीच शेवटी ठेवलं होतं. कोनाले सांगू?" मग म्हणाले, "आन् तो पाचच घेऊन राहिला होता न? मंग एक तर राहनारच होतं."

हे एवढं एक वाक्य घेऊन मी घरी आले. खरंच की, एक तर राहणारच होतं. पाचांची खिडकी आणि सहा माणसं, त्यात माझा काय दोष? मी ते स्वतःला आठवडाभर सांगत राहिले आणि आठवड्यानं मला वाटायला लागलं की आता दादाला सांगता येईल. त्यालाही हेच सांगू. त्यालाही पटेल.

तो दिवाळीत आला. दुपारची वेळ, मुलं बाहेर होती. मी त्याला चिवड्याची ताटली दिली आणि समोर बसले. पहिल्यांदाच बसले. सगळं सांगितलं आणि शेवटी वडिलांचं वाक्य जोडलं, की पाचच घेत होते, एक तर राहणारच होतं.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. हातातला घास ताटलीत परत ठेवला.

"काकानं कार्डं लावून देल्ली होती न?" त्यानं विचारलं.

"हो."

"मंग सगळ्यात खाली कोनाचं होतं?"

"माझं."

"आन् माहं?"

मला खोटं बोलता आलं असतं. वीस वर्षं तेच केलं होतं.

"सगळ्यात वर," मी म्हटलं.

 दादा ताटली खाली ठेवून उठला, दाराशी जाऊन चपला घातल्या. "काकाले मी आजच भेटून येतो," एवढंच म्हणाला. वडिलांकडं तो त्या दिवशी गेला, आणि त्यानंतरही जात राहिला. माझ्याकडं पुन्हा आला नाही.